वाटेवरच्या लेकरांची आई : पंडिता रमाबाई



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र असावे, असा रिवाज पडून गेला आहे. जिजामाता झाल्या, अहल्यादेवी झाल्या, सावित्रीबाई झाल्या. यंदा चालकभगिनींनी हे काम माझ्याकडे दिले. मी पंडिता रमाबाईंचे नाव घेतले तेव्हा दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. का पाहिले ते मला ठाऊक आहे. रमाबाईंनी धर्म बदलला ही गोष्ट आपल्या घरांतून पहिली सांगितली जाते, आणि पुष्कळदा शेवटचीही तीच असते. मी ती लपविणार नाही, तिच्या जागी ती येईलच. पण मला सांगावयाचे आहे ते निराळे. ज्यांना घर नाही, ज्यांना कोणी विचारीत नाही अशा वाटेवरच्या मुलींना त्यांनी उचलून घरी आणले, एकदोघींना नव्हे, शेकडोंनी आणले. हे त्यांनाच का सुचले? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण असे की, त्या स्वतःच एके काळी तसे वाटेवरचे मूल होत्या.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. ते पुण्यास शिकत असताना त्यांच्या गुरूंकडे पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकविण्याचे काम होते. बाईमाणूस संस्कृत श्लोक शुद्ध म्हणते हे ऐकून ह्या तरुण विद्यार्थ्याच्या मनाने घेतले की आपणही आपल्या पत्नीला शिकवावयाचे. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांपुढे ते जमले नाही. ती वारल्यावर ते यात्रेला गेले असता गोदावरीच्या काठी एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊ केली. दुसऱ्या दिवशी लग्न लागले आणि मुलीचे आईबाप पुढच्या मुक्कामाला निघूनही गेले. अनंतशास्त्र्यांनी तेव्हा चाळिशी ओलांडली होती. आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या नवऱ्याने तिला चुलीपाशी बसवून ठेवले नाही, लिहावयास वाचावयास शिकविले. तीच रमाबाईंची आई लक्ष्मीबाई. गावकऱ्यांचा रोष नको म्हणून ते सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे जाऊन राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमा जन्मली.

शास्त्रीबुवांच्या आश्रमात विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, सर्वांना जेवण असे. देणारा हात मोठा आणि येणारा पैसा थोडा, तेव्हा व्हावयाचे तेच झाले. कर्ज झाले, जमीनजुमला गेला आणि रमा सहा महिन्यांची असताना बिऱ्हाड मोडून सगळे कुटुंब यात्रेला निघाले. वेताच्या पेटाऱ्यात घालून, एका गड्याच्या डोक्यावरून तिला नेले. तेथपासून तिला घर असे राहिले नाही.

थोरली बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि सर्वांत धाकटी रमा अशी ही पाच माणसे गावोगाव हिंडत. देवळात बसून पुराण सांगावयाचे, ऐकणारे पुढे दाणे, फळे, पैसे, क्वचित एखादे वस्त्र ठेवीत, त्यावर दिवस काढावयाचे. शास्त्रीबुवा आता म्हातारे झाले होते, दिसणेही कमी होत गेले, म्हणून रमेला शिकविण्याचे काम आईकडे आले. आई दिवसभर राबे, म्हणून ती पहाटे झोपलेल्या लेकीला उठवून, मांडीवर घेऊन श्लोक म्हणवून घेई. रमेला अशा रीतीने भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ झाले. मी सातवी शिकलेली बाई, मला गणपतीची आरती मधूनच चुकते, तेव्हा हे वाचताना मी पोथी बाजूला ठेवून थोडी स्वस्थ बसले.

पुढे दुष्काळ आला. मद्रास इलाख्यात १८७४ च्या सुमारास पाऊस गेला, धान्य महागले, पुराण ऐकावयास कोण येणार? शास्त्रीबुवांच्या घरात विद्या होती पण हातांना कोणतेही काम ठाऊक नव्हते. विद्वानाने मजुरी करणे म्हणजे कमीपणा, असे सगळे धरून होते. दागिने विकले, भांडी विकली, रेशमी वस्त्रे विकली आणि उरलेल्या पैशांत दानधर्म करीत देवस्थानांच्या वाऱ्या केल्या. शेवटी विकण्यासारखे काहीच उरले नाही. रानात अकरा दिवस झाडपाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. म्हातारे शास्त्रीबुवा तळ्यात देह सोडावयास निघाले, तेव्हा श्रीनिवासाने मी मजुरी करतो म्हणून त्यांना थांबविले. पण उशीर झाला होता. ते गेले. दीड महिन्याने आई गेली.

आईचे जाणे मी जरा सविस्तर सांगते, कारण पुढच्या सर्व गोष्टीचे मूळ तेथे आहे. आई तापात बरळत असे आणि बाजरीच्या भाकरीचा एवढासा तुकडा मागे. सोळा वर्षांची रमा शेजारच्या ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभी राही. मागावयाचे ठरवून जाई, पण तोंडातून शब्द निघत नसे, नुसते डोळे भरून येत. त्या बाईने ओळखले आणि एक तुकडा दिला. आपल्या दाराशी येऊन काही न बोलता उभी राहणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. ते मूल निर्लज्ज आहे, मागण्यास सोकावले आहे, असे आपण म्हणून जातो. भागवत मुखोद्गत असणारी ही मुलगीसुद्धा तशीच उभी होती. आई वारल्यावर खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण आले, दोन बाजू बहीणभावांनी घेतल्या. रमा सर्वांत बुटकी, तिचा खांदा पुरेना, म्हणून तिने आईच्या तिरडीचे टोक डोक्यावर घेतले आणि तीनेक मैल चालत गेली. थोड्या महिन्यांत कृष्णाबाईही पटकीने गेली.

राहिली दोघे, श्रीनिवास आणि रमा. ती दोघे मद्रासेकडून वर पंजाब-काश्मीरपर्यंत आणि तेथून बंगालपर्यंत चालत गेली. चार हजार मैलांवर चालणे झाले असे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. अंगावर पांघरूण नसे. झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला, तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून दोघे त्यांत निजली आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. रानबोरे मिळाली तर आठळ्यांसकट खाल्ली. रस्त्यावर राहणाऱ्या मुलाला भूक लागते हे आपल्याला कळते, पण त्याला थंडी वाजते, त्याला रात्रीची भीती वाटते, आणि आजारी पडले तर कोणाला हाक मारावी हे त्याला ठाऊक नसते, हे आपल्या ध्यानात येत नाही. रमेपाशी निदान भाऊ तरी होता. त्याच्यामुळे तिच्याकडे वाकड्या नजरेने पाहण्याची कोणाची छाती झाली नसावी, असे मला राहून राहून वाटते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. जिला काल कोणी भाकरीचा तुकडा देत नव्हते तिची व्याख्याने ऐकावयास आता गर्दी लोटू लागली. पुढचे मी थोडक्यात सांगते, कारण ते पुष्कळ पुस्तकांतून आहे. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केले. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. तिला वर्षही पुरे झाले नव्हते तोच १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी विधवापण आले. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि सरकारच्या शिक्षण कमिशनपुढे स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हवेत असे सांगितले. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, त्याच्या पैशांतून १८८३ साली विलायतेस गेल्या. तेथे त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी लेकीसह ख्रिस्ती धर्म घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तो समारंभ पाहावयास त्या गेल्या, आणि तेथे दोन वर्षांवर राहून इकडच्या विधवांची स्थिती लोकांना समजावून सांगितली. बॉस्टन शहरात त्यांच्या नावाची एक मंडळी उभी राहिली व तिने दहा वर्षे मदत पाठविण्याचे कबूल केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. ही बालविधवांची शाळा आणि घर. पुढच्या साली ते पुण्यास नेले. तेथे शिकलेल्या गोदूबाई जोशी म्हणजेच १८९३ मध्ये पुनर्विवाह करून कर्व्यांच्या घरी आलेल्या आनंदीबाई, आपल्या सर्वांच्या बाया कर्वे. शारदा सदनात धर्म शिकविला जाणार नाही, असे रमाबाईंनी सांगितले होते. पण त्यांच्या स्वतःच्या खोलीत त्या प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली जाऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ झाले. केसरीतून टीका झाली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या माणसांनी आपली नावे काढून घेतली, पालकांनी वीसपंचवीस मुलींना परत नेले.

येथे माझे मत सांगते. पालकांचा राग समजण्यासारखा होता. विश्वासाने ठेवलेली मुलगी वेगळ्या वाटेने चालली तर कोणत्या आईला बरे वाटेल? रमाबाईंनी ही गोष्ट अधिक जपून करावयास हवी होती. पण परत नेलेल्या त्या मुलींचे पुढे काय झाले, त्यांच्या शाळा चालू राहिल्या की त्या पुन्हा माजघरात जाऊन बसल्या, ह्याची चौकशी वर्तमानपत्रांनी तेवढ्याच जोराने केल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

आता १८९६ आणि १८९७. हा दुष्काळ मध्यप्रांतात, म्हणजे जबलपूर, नरसिंगपूर, सोहागपूर ह्या बाजूस फार कडक होता. आपला जिल्हा तेव्हा वऱ्हाडात होता आणि त्याला वणी जिल्हा म्हणत, यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये पडले. आपल्याकडे मोठा तडाखा बसला तो तीन वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये. त्या दुष्काळाच्या आठवणी जुन्या घरांतून बायका अलीकडेपर्यंत सांगत असत.

रमाबाई पुण्यास होत्या. वर्तमानपत्रांत त्या बातम्या वाचताना त्यांना आपली आई आठवली, बाजरीचा तुकडा आठवला. हाताशी पैसा नव्हता. अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षे संपत आली होती. तरी त्या उठून मध्यप्रांतात गेल्या. तेथे सरकारने निराश्रितांसाठी ठिकाणे उघडली होती, त्यांना गरीबखाने म्हणत. पहिला गरीबखाना पाहिला तो म्हणजे गावाबाहेरची आमराईसारखी झाडी, त्यांखाली चिंध्यांच्या गाठोड्यांसारखी पडलेली माणसे. म्हातारे, बायका, पोरे, रोगी, सगळे एका ठिकाणी. रमाबाईंचे डोळे मात्र मुलींवर खिळले. कोणाच्या आया मेल्या होत्या, कोणाला बापाने वाटेत सोडले होते. त्या मुलींभोवती काही बायापुरुष घुटमळत होते. गोड बोलून, खाऊ देऊन, नातेवाईक म्हणवून ते मुलींना घेऊन जात, आणि त्या कोठे गेल्या हे पुन्हा कोणाला कळत नसे. रमाबाईंनी हे सर्व लिहून छापले. भूक ही एक संकट होती, पण भुकेल्या मुलीला हेरणारा माणूस हे दुसरे आणि अधिक मोठे संकट होते, हे त्यांनी त्या वेळी ओळखले. अन्नछत्र काढून पहिले संकट टळते, दुसरे टळत नाही. त्यासाठी त्या मुलीला हाताला धरून तेथून न्यावेच लागते, आणि पुढे अनेक वर्षे तिचा जाब आपल्या शिरावर घ्यावा लागतो.

तीनशे मुली न्यावयाच्या असे त्यांनी मनाशी धरले. आगगाडीने टोळ्याटोळ्यांनी मुली पुण्यास येऊ लागल्या. आपण बायका आहोत, म्हणून काय काम असेल ते आपल्यालाच कळेल. डोक्यात उवा, अंगावर खरूज आणि फोड, पोट बिघडलेले. एकदम पोटभर वाढले तर जीव जावयाचा, थोडे वाढले तर मूल रडावयाचे. काही जणी तर वाचल्याच नाहीत. राहिलेल्या भाकरी उशाखाली लपवून ठेवीत, एकमेकींचे ओढून घेत, साबणाने अंग धुवावयास भीत. शारदा सदनातल्या मोठ्या मुलींनी, म्हणजे ज्यांना कालपर्यंत घरच्यांनी अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसविले होते त्यांनी, ह्या मुली आपसांत वाटून घेतल्या. प्रत्येकीने आपल्या वाट्याच्या मुलींचे न्हाणे, जेवण, औषधपाणी बघावयाचे. ही व्यवस्था मला फार आवडली. तीनशे मुलांना एक आई पुरत नाही, पण दहापंधरा मुलांना एक ताई पुरते.

इतक्यात पुण्यात प्लेग आला. शहरात एवढी माणसे एके ठिकाणी ठेवण्यास मनाई झाली. पुणे-सोलापूर रेल्वेवर केडगाव येथे रमाबाईंनी आधीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. संस्था फळबागेच्या उत्पन्नावर चालावी हा त्यांचा हेतू होता. तेथे तंबू ठोकले, पत्र्याच्या आणि गवताच्या झोपड्या घातल्या आणि पावसाळा त्यांत काढला. १८९८ मध्ये तेथे पक्की इमारत झाली, तिला मुक्ती सदन नाव दिले.

प्लेगच्या ह्याच दिवसांतील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यांच्याकडील एका मुलीला सरकारी माणसांनी प्लेगच्या छावणीत नेले होते. ती नीट परत आली नाही. रमाबाईंनी मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला उघड जाब विचारला. परदेशी मदतीवर संस्था चालविणारी, साहेबांच्या धर्मात गेलेली बाई, म्हणून ती साहेबाला भिऊन राहील असे कोणाला वाटले असल्यास तो गैरसमज होता. सरकारने आरोप नाकारला. पण शेकडो मुलींतली एक हरवली तर तिच्यासाठी भांडावयाचे, हा धडा त्यांनी घालून दिला. गोखल्यांनी विलायतेत प्लेगच्या जुलमाविषयी बोलताना ह्या पत्राचा आधार घेतला होता.

१९०० च्या दुष्काळात गुजरात, काठेवाड, राजपुताना येथूनही मुली आणल्या. ह्या वेळी आणावयास गेलेल्या पुष्कळ जणी स्वतः तीन वर्षांपूर्वी आणलेल्या होत्या. मुक्तीत त्या सुमारास दोन हजारांच्या जवळपास माणसे झाली. एवढ्यांना पाणी पाहिजे म्हणून विहिरी खणल्या. लहानांची शाळा, मोठ्यांची शाळा, आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकविणारी ब्रेल लिपीची शाळा. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन वेगळे. शिवाय हातमाग, शिवणकाम, तेलघाणा, दुभती जनावरे, शेती आणि छापखाना. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंत सर्व कामे बायकाच करीत. प्रत्येक मुलीने वाचावयाचे आणि एक धंदा हातात घ्यावयाचा, असा तेथला शिरस्ता. शास्त्रीबुवांचे सारे कुटुंब विद्या असून उपाशी मेले होते, कारण हातांना काम माहीत नव्हते. ती चूक मुलगी विसरली नाही.

आता धर्माची गोष्ट. मुक्तीत आलेल्या मुली ख्रिस्ती धर्मात वाढल्या. हे रमाबाईंनी लपविले नाही, त्यांना त्यात काही वावगे वाटतही नव्हते. मला विचाराल तर भाकरीबरोबर देव बदलणे मला पटत नाही. भुकेल्या मुलाला निवड कोठली? पण हेही तितकेच खरे की, त्या झाडीखाली गाठोड्यासारख्या पडलेल्या मुलीकडे आपले शास्त्री गेले नव्हते आणि आपले सावकारही गेले नव्हते. पंढरपूरला प्रार्थना समाजाचे अनाथ बालकाश्रम १८७५ पासून होते, पुण्यास कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था काढली, असे थोडे दिवे होते. पण जावयास हवे होते तेवढे आपण गेलो नाही. ही तक्रार आपण रमाबाईंवर करतो तेव्हा ती थोडी आपल्याकडेही वळते.

त्या काळी ह्या मुलांसाठी कायदा असा नव्हताच. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा झाला १९२४ साली, रमाबाईंच्या मागे दोन वर्षांनी. संयुक्त राष्ट्रांनी मुलांच्या हक्कांचा करार केला १९८९ मध्ये, आपल्या देशाने तो १९९२ मध्ये मान्य केला. आता २०१५ चा बालन्याय कायदा आहे. तो मी आमच्या घरातील शिकणाऱ्या मुलांकडून समजावून घेतला, कारण गेल्या हळदीकुंकवाला आपल्यात ह्याच गोष्टीवरून दोन तट पडले होते. बसस्थानकावर फिरणाऱ्या त्या पोरांना पैसे द्यावे की देऊ नयेत? एकीचे म्हणणे, दिल्याने पुण्य लागते. दुसरीचे म्हणणे, त्यांच्यामागे टोळी असते आणि पैसा टोळीला जातो. आपण बराच वेळ बोललो, आणि तेवढ्या वेळात ती पोरे कोणाची आहेत, रात्री कोठे निजतात, हे एकीनेही विचारले नव्हते.

कायदा असे सांगतो. आईबापांवाचून, आधारावाचून असलेले मूल आढळले की १०९८ ह्या क्रमांकावर फोन करावा, त्याला पैसे पडत नाहीत, किंवा पोलिसांना कळवावे. मुलाला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असते, तिच्यात एक अध्यक्ष व चार सभासद, आणि त्यांत निदान एक बाई असावीच लागते. समिती आधी मुलाचे घर शोधते, कारण मुलाचे पहिले स्थान त्याच्या माणसांत हे कायद्याने धरले आहे. घर नसेल किंवा घरीच धोका असेल तर बालगृह, किंवा दत्तक. धर्माची जी अडचण मी वर सांगितली, तिच्यावर आजच्या रीतीत निदान एवढा तोड आहे की, कोणालाही रस्त्यावरचे मूल उचलून, न कळविता, आपल्या घरी वा आपल्या संस्थेत ठेवता येत नाही. मायेने ठेवले तरी तो गुन्हा होतो. आणि जो मुलाला भीक मागावयास लावतो त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आपल्या जिल्ह्यात ही मुले कोठून येतात हे मी तुम्हांला सांगावयास नको. कापूस आणि सोयाबीन हातचे जाते, कर्जापायी कोठे घरधनीच जातो, कोठे दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात. मूल बरोबर गेले तर शाळा सुटते, मागे राहिले तर म्हातारीच्या गळ्यात पडते, आणि म्हातारी गेली की रस्ता. त्यांतले कोणीही आभाळातून पडलेले नसते. रमेच्या बापाचेही एके काळी घर होते, पंगती उठत होत्या.

रमाबाईंची शेवटची वर्षे मुक्तीतच गेली. कानांनी ऐकू येईनासे झाले होते. हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषा शिकून त्यांनी बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर चालविले होते. खेड्यातल्या, थोडे शिकलेल्या बाईलाही कळावे असे शब्द निवडावयाचे, हा त्यांचा हट्ट. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले, त्याचे त्यांना फारसे काही वाटले असेल असे दिसत नाही. संस्था पुढे मनोरमेने चालवावयाची असे ठरले होते. ती अमेरिकेत शिकून आली होती, आंधळ्यांना शिकविण्याची विद्या तिनेच आणली, गुलबर्ग्यास शाळा काढण्यातही तिचा हात होता. जिला तान्ही असताना कडेवर घेऊन रमाबाई पुण्यास आल्या ती लेक २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मिरजेस वारली. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता मूल. रमाबाई पुन्हा कामाला बसल्या. भाषांतर पुरे झाले, छापखान्यात बायका शेवटची पाने जुळवीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. पुस्तक १९२४ मध्ये छापून बाहेर आले.

केडगावची मुक्ती संस्था चालू आहे. सोलापूरच्या बाजूला जाताना गाडी केडगाव स्टेशनावरून जाते. आपल्या मंडळाची पंढरपूरची सहल ठरली तर त्या वाटेवर थांबता येईल काय, हे मी कार्यवाहभगिनींना विचारून ठेवले आहे.